बाबांवर घेतलेला पाठ

नंदुरबारच्या मुलींच्या शाळेचं हायस्कूल करायचं ठरलं, तेव्हा मोठ्या बाईंची खुर्ची आधी आली आणि मोठ्या बाई कोण हा प्रश्न मागाहून. शाळेत पदवीधर बाई एकच, ती मी. पण शाळा तपासायला आलेले साहेब म्हणाले, हायस्कूलला नुसती बी.ए. चालणार नाही, बी.टी. लागेल. मी विचारलं, "आणि एम.ए. झाले तर?"

"एम.ए. म्हणजे बाई स्वतः शिकल्या. बी.टी. म्हणजे शिकवायला शिकल्या."

इतकी वर्षं मी वर्गात काय करत होते, हे मी त्यांना विचारलं नाही.

मला ती खुर्ची हवी होती. असं सरळ सांगायची आपल्याकडे पद्धत नाही, बाईला तर नाहीच, म्हणून आधीच सांगून टाकते.

एम.ए. नोकरी सांभाळून, घरी वाचून देता येई. बी.टी.साठी मात्र वर्षभर मुंबईत राहावं लागे. गावाने यावर भरपूर विचार केला. आमच्या गल्लीत बी.टी. झालेलं माणूस कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची मतं ठाम होती. शेजारचे वकील म्हणाले, एम.ए. थोर, तिच्यापुढे पदवीच नाही. किराणावाले म्हणाले, बी.टी. थोर, कारण घरबसल्या मिळते ती वस्तू हलकीच असते.

बाबांचं मत एम.ए.ला होतं. घरात आम्ही दोघंच. लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझा नवरा तापाने गेला, मामांनी पुण्याला नेऊन मला बी.ए. केलं, आणि आई गेली तेव्हा मी परत आले ती इथलीच झाले. बाबांची शेती होती, आणि खांडबाऱ्याच्या बाजारापलीकडचं जग त्यांनी कधी मागितलं नव्हतं. एम.ए.च का, हे ते सांगत नसत. "घरमा बशीसन व्हस ना? मंग तीच कर," एवढंच. मी बी.टी.चं नाव काढलं की त्यांना गोठ्यात काम निघे.

साहेबांनी जाताना मला बी.टी.चं एक पुस्तक वाचायला दिलं होतं. त्यात पाठ कसा घ्यावा याच्या पायऱ्या होत्या. पहिली पायरी प्रस्तावना. शिक्षकाने विषयाचं नाव घ्यायचं नाही. विद्यार्थ्याला ठाऊक असलेल्या गोष्टींवर प्रश्न विचारत जायचं आणि विषय त्याच्याच तोंडून वदवायचा. मी ते वर्गात करून पाहिलं. तापी नदी शिकवायची म्हणून विचारलं, पाणी कुठून आणता? विहिरीवरून. कपडे कुठे धुता? विहिरीवर. मग पाणी वाहतं कुठे? बादली कलंडली की. शेवटी मीच तापीचं नाव घेतलं तेव्हा मुलींना हायसं वाटलं.

बाबांवर मात्र मी नीट तयारी करून पाठ घेतला. रविवार होता. ते ओट्यावर दोर वळत बसले होते.

"बाबा, गोऱ्हा कितलाबी ताकदना ऱ्हायना, तरी त्याले एकदम औतले जुंपतस का?"

"नही. पहिले शिकाडनं पडस."

"गोठामा बांधीसन शिकाडता येस?"

"गोठामा काय शिकी तो? वावरमा लई जानं पडस."

इथवर पाठ उत्तम चालला होता. साहेब मागे बसलेले असते तर त्यांनी मान डोलावली असती. माझा धीर वाढला.

"मंग मी बी.टी. कराले मुंबईले जासू, तर हरकत काय शे?"

बाबांचे हात थांबले. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "सांज व्हयनी की घरमा कोण ऱ्हाई?"

विषय विद्यार्थ्याच्या तोंडून आला होता. माझा नव्हता, एवढंच. यापुढचा प्रश्न पुस्तकात दिलेला नव्हता. एका वर्षाची तर गोष्ट आहे, असं म्हणता आलं असतं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी गलबलून आलं. त्यांच्या हातातून सुटलेला दोर उलगडत चालला होता. मी त्याचं टोक धरलं आणि त्यांनी पुन्हा वळायला घेतलं.

मी एम.ए. झाले. मोठ्या बाई बाहेरून आल्या. बी.टी. होत्या आणि शिकवायच्याही चांगलं. त्यांच्याबद्दल वाईट बोलायची मला फार हौस होती, पण त्यांनी संधी दिली नाही.

बाबा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मन्ही पोर एम.ए. शे." लोक कौतुक करत. एखादा खवचट विचारी, "मंग ती मोठी बाई का बरं नही व्हयनी?"

"तिलेच जावानं नव्हतं," बाबा म्हणत, आणि माझ्याकडे बघत.

मी चहा घेऊन दारात आलेली असे. मी मान हलवून म्हणे, हो, मलाच जायचं नव्हतं.