प्लगची टोपी

आमच्या घरी पाहुणे आले की चहा उकळायच्या आत एक गोष्ट सुरू होते — पप्पांच्या ट्रकचं इंजिन कसं रुसलं त्याची. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की कुठं हसायचं ते मला पाठ आहे, आणि मी हसतेही. पण त्या गोष्टीतला एक तुकडा पप्पांना ठाऊक नाही, आईला नाही, कुणालाच नाही. तो फक्त माझ्याकडे आहे. दहा वर्षं.

आधी ट्रकबद्दल सांगते. छोटाच आहे — पेट्रोलवरचा, दोन सिलिंडरचा. पप्पा त्यातून चिकलठाण्याच्या कारखान्यांना पुठ्ठ्याची खोकी पोचवतात. नवा घेतला तेव्हा त्यांनी समोरच्या काचेवर लाल रेडियमनं माझं नाव लावून घेतलं. ‘ऋतुजा’. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्ही बाजूंना एकेक मोर.

आता माझ्याबद्दल. हजेरीत माझा नंबर यायच्या चार नावं आधीपासून मी ‘येस मिस’ची मनात तयारी करायचे. अशी मी. नववीत असताना माझी शाळेची रिक्षा बंद झाली आणि पप्पा खूश होऊन म्हणाले, “शाळा वाटंतच तर हाय. मी सोडतो की रोज.” मग रोज सकाळी आमच्या इंग्लिश शाळेच्या गेटसमोर गाड्यांच्या रांगेत एक खोक्यांचा ट्रक, त्यावर माझं नाव, आणि त्या नावाच्या बरोबर मागे मी. वॉचमनकाका लांबूनच हाळी द्यायचे — “ऋतुजा आली, सरका बाजूला.” त्यांना वाटायचं, मला आवडतं.

एका सकाळी गाडी आपली आपणच लंगडायला लागली. पप्पांनी सीट उचललं — इंजिन खालीच असतं — आणि मला जवळ बोलावून दाखवलं. हा प्लग, हा पेट्रोलला ठिणगी देतो. ही त्याची रबरी टोपी. “ही पक्की बसली नाय ना, की गाडी मिसिंग मारती. एकाच पायावर पळल्यावानी.” त्यांनी टोपी दाबली. टक् असा आवाज आला. मला काहीतरी शिकवता आलं म्हणून त्यांचा चेहरा असा उजळला होता — तो चेहरा मला अजून दिसतो.

समजलं ना, पुढं काय झालं?

“डबा ठेवून येते,” म्हणून मी पप्पांच्या आधी खाली उतरायचे. सीट उचलायचं. दोन बोटांनी टोपी थोडी वर ओढायची — वरून बसलेली दिसेल, आत टेकलेली नसेल, इतकीच. गाडी थरथरायला लागली की पप्पांना माझ्या उशिराची काळजी. ते मला शेजारच्या काकूंच्या स्कूटीवर बसवून द्यायचे. गेटवर कुणी बघायचं नाही. किती साधं होतं.

पप्पा तशीच गाडी सलीमचाचांच्या गॅरेजला न्यायचे. चाचा प्लग काढायचे, पुसायचे, परत बसवून टोपी दाबायचे, की गाडी ठणठणीत. दोनतीन दिवसांनी पुन्हा तेच. चाचांनी प्लग बदलले, वायरी बदलल्या, नवी टोपी घातली, कॉईल बदलली. शेवटी ते इंजिनालाच विचारायला लागले, “क्या रे, क्या होना तेरेकू?” असं नऊ वेळा झालं. हो, मला आकडा माहीत आहे.

मग घरात इंजिन बदलायच्या गप्पा सुरू झाल्या. खरं सांगू? त्या दिवसांत आमच्या घरी फार मजा होती. धाकटे संजूकाका रोज जेवायला यायचे आणि रोज म्हणायचे, “दादा, डिझेलचं बसव. त्याला प्लगच नसतो. प्लगच नाय तर बिघडंल काय?” आई म्हणायची, बैल जोडा, म्हणजे पेट्रोलपण नको. पप्पा माझ्या भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर इंजिनाची चित्रं काढायचे. आणि चाचांनी तर स्थळच आणलं होतं — “भाऊ, दिल छोटा मत करो. ठोकेली गाडी का इंजिन हय. इसकाच सगा भाई.”

एका संध्याकाळी पप्पांनी मला फोन दिला. “ऋतू, तुला इंग्लिश येतंय. नेटवर बघ बरं, तिकडचे लोक इंजिन बदलायचं काय म्हणतेत.” घरातलं इंग्रजी म्हणजे मी. दुकानाची बिलं, औषधाच्या बाटल्या, सगळं माझ्याकडे यायचं. मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. कुणी हौसेनं ट्रकमध्ये दुप्पट मोठं इंजिन बसवलेलं. “हौसेनं?” पप्पा म्हणाले. “चांगलं चालू असताना?” सगळे हसले.

त्याच पानावर, वरून तिसरी ओळ. इंजिनाला हात लावण्याआधी प्लगच्या टोप्या घट्ट बसल्या आहेत का ते रोज काही दिवस तपासा, असं लिहिलं होतं. रोज. काही दिवस. पप्पा माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांना ती ओळ दिसत होती, वाचता येत नव्हती.

मी पुढची ओळ वाचली.

टोपी ओढणं मी लाजाळूपणावर ढकलू शकते. ढकलून पाहिलंही. पण काचेवर माझं नाव असलेली लांब पांढरी कार असती, तर मी सीट उचललं असतं का? आणि ती ओळ — तिथं तर माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे फोनकडे बघत होते.

इंजिन बदललं. पप्पांनी हार घातला, नारळ फोडला आणि चावी माझ्या हातात दिली — “तुझ्या हातानं सुरू कर.” मी केलं. त्यानंतर टोपीला मी कधी हात लावला नाही. म्हणजे खोट इंजिनातच होती, हे सिद्ध झालं. दहावी संपेपर्यंत मी रोज त्या नावामागे बसून शाळेत गेले.

जुनं इंजिन चाचांनी त्यांच्या मेहुण्याच्या ट्रकात घातलं. तो हर्सूलहून भाजी आणतो. इतक्या वर्षांत एकदाही मिसिंग नाही. गोष्टीतली हसायची जागा हीच.

मागच्या महिन्यात मी पप्पांबरोबर हर्सूलला गेले होते. सिग्नलला तो ट्रक शेजारी येऊन थांबला, मेथीच्या जुड्यांनी भरलेला. पप्पांनी आमची गाडी बंद केली आणि कान देऊन ऐकलं.

“बघ, कसं सुरात हाय,” ते म्हणाले. “माझा हातच मानवला नाय त्याला.” आणि हसले. सिग्नल सुटला तेव्हा त्यांनी गिअर अगदी हळू टाकला. दहा वर्षं ते तसाच टाकतात, जपून, जणू काही दुखेल.

पप्पांच्या हातात काही खोट नव्हती. तो हात माझा होता. उजवा. दोन बोटं.