बंद इंजिन पानिपतला नेलं तेव्हा

मालगाडीत पुढचं इंजिन गाडी ओढत असतं आणि कधीकधी त्याच्या पाठीमागे दुसरं एक इंजिन बंद अवस्थेत जोडलेलं असतं. मोठ्या दुरुस्तीला निघालेलं, नुसतं डब्यासारखं घरंगळत जाणारं. त्याच्यासोबत शेडचा, म्हणजे इंजिनांची देखभाल होते तिथला, एक माणूस बसवतात. त्याला करायचं काही नसतं, असं आमचे साहेब म्हणत. मग मला का पाठवत नाही, असं मी त्यांना दोन वर्षं विचारत होते.

शेडमध्ये मी एकटीच बाई. डिप्लोमा इतरांसारखाच, परीक्षाही तीच, पण मला मिळालं टेबल आणि टेबलावर आवक-जावकचं रजिस्टर. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबांना याचं कोण समाधान. म्हणायचे, "सरकारी टेबल, डोक्यावर पंखा, बिल्कुल सेफ. आणखी काय हवं तुला?" मला इंजिन हवं होतं. पण हे घरात कुणाला सांगणार?

एकदा मात्र साहेबांचा नाइलाज झाला. सोबत जाणाऱ्यांपैकी एकाच्या घरी लग्न निघालं आणि दुसऱ्याला कावीळ झाली. साहेबांनी मला बोलावलं. "पानीपत तक जाना है. वहाँ दूसरी शेड का आदमी चार्ज लेगा. रास्ते में इंजन गाड़ी से काटना पड़ा, तो फिर टेबल से मत उठना." काटना म्हणजे बिघाड झाला म्हणून इंजिन गाडीपासून सोडवून वाटेतच ठेवून देणं.

पहाटेच तयारीला लागले. पुढच्या ड्रायव्हरने ब्रेक लावला की मागच्या बंद इंजिनालाही तो लागावा आणि त्याने सोडला की सुटावा, अशी सगळी जोडणी केली. हँडब्रेक पूर्ण सैल केला. मग वाकून एकेक चाक पाहिलं, चाकाला दाबून थांबवणारा ब्रेकचा ठोकळा, म्हणजे गुटका, कुठे टेकलेला नाही ना. म्हातारे मिस्त्री शेजारी उभे राहून बघत होते आणि काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे पास, एवढं मला दोन वर्षांत कळलं होतं.

गाडी थोडी चालवून थांबवतात आणि बंद इंजिनाची चाकं हाताने तपासतात. गुटका चिकटला असेल तर चाक तापतं. तपासायचं पालथ्या हाताने, कारण तळवा भाजला तर पुढचं काम अडतं. मी तपासलं. सगळी चाकं गार होती.

सोनीपतच्या अलीकडे एका लहान स्टेशनात आम्हाला बाजूला घेतलं. एक पॅसेंजर गाडी पुढे जायची होती. इथे मी घोळ घातला. शेडमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात, इंजिन उभं राहिलं की हँडब्रेक आवळायचा. बाहेर पडताना हात आपोआप दाराच्या कडीकडे जातो, तसा माझा हात गेला आणि मी तो आवळला. मग उतरून ड्रायव्हरने दिलेला चहा प्यायले. सिग्नल मिळाला तशी धावत वर चढले आणि गाडी सुटली.

जरा वेळाने जळक्या लोखंडाचा वास आला. वळून पाहिलं तर हँडब्रेक आवळलेला. भराभर हँडब्रेकचं चाक फिरवून तो सोडला. कुणी पाहिलं नव्हतं. वास मात्र कमी होईना, वाढतच गेला. म्हणजे ब्रेक सुटला तरी गुटका चाकाला चिकटूनच होता.

भिंतीवर धोक्याच्या ब्रेकचा दांडा होता. तो ओढला की अख्खी मालगाडी थांबणार आणि का थांबली हे सगळे विचारणार. गप्प बसले तर कदाचित गुटका आपोआप सुटेल. खोटं कशाला सांगू, मी थोडा वेळ गप्पच बसले. रजिस्टर डोळ्यांसमोर दिसत होतं. मग माझा मलाच संताप आला. चाकाचं वाटोळं करून टेबल वाचवणारी मी कोण लागून गेले? मी दांडा ओढला.

ड्रायव्हर, रोहतककडचे एक वयस्कर गृहस्थ, धापा टाकत आले. "क्या हुआ, मैडम?"

"हैंडब्रेक मैंने लगाया था, खोलना भूल गई. अब खोल दिया है, पर गुटका छूटा नहीं."

त्यांनी पुढच्या इंजिनातून हातोडा आणला आणि माझ्याच हातात दिला. मी खाली घुसले. चौथ्या घावाला गुटका सुटला. पालथा हात चाकाला लावला तर असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनीही वाकून चाक नीट पाहिलं.

"पहिया बच गया. थोड़ा और चलतीं, तो इंजन यहीं कटता. चढ़ो."

पुढच्या स्टेशनवर पुन्हा थांबून तपासलं, चाक निवत आलं होतं.

पानिपतला ताबा घेणारा माणूस आधी माझ्या पाठीमागे बघत राहिला, खरा माणूस कुठे आहे म्हणून. मग एकेका चाकाला पालथा हात लावत निघाला. मीही त्याच्या बरोबरीने चालले. "ठंडा है," तो शेवटच्या चाकापाशी म्हणाला आणि त्याने सही केली. मराठी माणसाचं पानिपतात काय होतं, ते जगाला ठाऊक आहे. माझं झालं नाही. मी फलाटावर उभी राहून एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ड्रायव्हरचा रिपोर्ट दोनदा वाचला. त्यात माझी चूक होती आणि गाडी मीच थांबवली हेही होतं.

"चुप रहतीं तो किसी को पता नहीं चलता," साहेब म्हणाले.

"पहिये को पता चलता, सर."

त्यांनी माझ्या टेबलावरचं रजिस्टर उचललं आणि पलीकडच्या टेबलावर ठेवलं. "परसों एक और इंजन जाना है."

संध्याकाळी आईने भाजलेल्या बोटांना पुन्हा तूप लावलं. तो हात मी शेजारच्या काकूंनाही दाखवून आले. मग बाबांना सांगितलं, पंखा आता दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फिरू दे.