वडिलांचा वरचा सा

चपात्यांची कणीक भिजवताना तो ओला वास आला की मला आमचा पखवाज आठवतो, कारण भजनाआधी त्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावायचं काम माझं असायचं आणि वडील आमच्या जेसल पार्कातल्या भजनी मंडळाचे बुवा होते. निवडणुकीच्या दिवसांतली सकाळ होती. मी पखवाजाला कणीक थापत होतो आणि खालून प्रचाराची रिक्षा चालली होती. भोंग्यातून वडिलांचाच आवाज येत होता, चालही त्यांच्याच अभंगाची, पण नाव देवाचं नव्हतं. पेपर वाचताना ते ज्याला रोज शिव्या घालायचे, त्या उमेदवाराचं होतं. शेजारचे काका दारात येऊन हसले, "बुवा, आपने तो पार्टी बदल दी!" वडील म्हणाले, "अहो, मी हे गायलोच नाही." मी त्यांना सांगितलं, कुणीतरी आपल्या भजनाचा व्हिडिओ कॉम्प्युटरला दिला असणार, तो कुणाच्याही आवाजात काहीही गातो. "मग थांबव ना त्याला." मी तसाच पिठाच्या हातांनी खाली धावलो. रिक्षावाला म्हणाला, "मेरेको पेनड्राइव्ह दिया, मैं बजाता है. मेरेको क्या मालूम?" आणि निघून गेला. वर आलो तर वडील खिडकीशी डोळे मिटून, लांब जाणारा तो आवाज ऐकत होते. "वरचा सा लागलाय रे," ते हळूच म्हणाले, "मला कित्येक वर्षांत लागला नाही." त्यानंतर ते पेटीला बसले नाहीत. पखवाज अजून माझ्याकडेच आहे; कणीक मात्र आता फक्त चपात्यांपुरती भिजवतो.