नो, सो, गो

वडिलांना लकवा मारला तो उजव्या अंगाला. हात गेला, पाय थोडाफार राहिला आणि बोलणं गेलं. हातापायाचं आम्ही निभावून नेलं. पण या माणसाचं बोलणं जावं हा मला सरळसरळ अन्याय वाटला, आणि अजूनही वाटतो. उभ्या जन्मात त्यांनी कमावलं असेल तर ते बोलणंच.

टोकावड्याच्या पलीकडच्या एका वाडीतून शिकून ते मुंबईत कारकून झाले आणि पुढे शहापूरजवळ सापगावात त्यांनी घर बांधलं. विहारात कार्यक्रम असला की भाषण त्यांचंच. शुद्ध, खणखणीत, पोथीत छापल्यासारखं. घरात कुणी 'नाय' म्हटलं की त्यांचा घास हातातच थांबायचा. "नाही म्हण." 'आमी' नाही, 'आम्ही'. "तोंड उघडलं की लोक आपलं घर ओळखतात," असं ते म्हणायचे. का म्हणायचे ते कळायला मला नोकरी लागावी लागली.

आई या सगळ्याला पुरून उरली. तिने 'नाय' अजून सोडलेलं नाही आणि मला 'गो' म्हणायचंही सोडलेलं नाही. ये गो, जेव गो, दमली गो? वडिलांनी मला 'गो' म्हटल्याचं मात्र आठवत नाही. लेकीला आईवडिलांनी नाव ठेवलंय ते हाक मारायलाच, असा त्यांचा बाणा.

इंग्रजी त्यांनी यमकांवर मिळवलं होतं. शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून एक शब्द सापडला की त्याच्यासारखे वाजणारे चार शोधायचे आणि पाठ करायचे, ही त्यांची युक्ती. संध्याकाळी घरी आले की तीच आमच्या गळ्यात. ते बूट काढता काढता म्हणायचे, "नाइट?" आम्ही ओरडायचो, "लाइट, फाइट, काइट!" एकदा 'माय'ला मी 'स्काय' म्हटलं आणि त्या भरात 'नाय'ही म्हणून बसले. भाऊ हसला. वडील हसले नाहीत. "ते इंग्रजीही नाही आणि मराठीही नाही," म्हणाले.

शब्द बरेचसे त्यांनी कागदावरच पाहिलेले, कानावर कुणी घातलेले नव्हते. दोन 'ओ' दिसले की ऊ, हा त्यांचा कायदा. त्यामुळे आमच्या घरी फूड, गूड, ब्लूड एका ओळीत बसायचे. कल्याणला कॉलेजात मी भर वर्गात 'ब्लूड' म्हटलं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. घरी येऊन वडिलांना काही बोलले नाही. त्यांची ओळ मोडायचं मला धाडस झालं नाही.

तर असा माणूस आता खुर्चीत बसून नुसतं "बा, बा" करायचा. कल्याणच्या थेरपिस्ट मॅडमनी तपासून सांगितलं, की समजतं त्यांना सगळं, शब्द सापडत नाहीत. अंगवळणी पडलेलं जे काही असेल, गाणी, पाढे, वंदना, ते म्हणवून घ्या. आपण निम्मं म्हणायचं, निम्मं त्यांच्यावर सोडायचं. मी यमकांचं सांगितल्यावर मॅडमना बरंच वाटलं. पण आम्ही निघताना त्या हेही म्हणाल्या, "जोडीचा शब्द आला म्हणून हुरळून जाऊ नका. तो घसरगुंडीवरून आल्यासारखा येतो. त्यांनी स्वतःहून, स्वतःच्या मनातलं एक वाक्य बोलायला हवं. तेवढं झालं की पुढचं होईल."

त्या एका वाक्यासाठी मी रोज बसू लागले. मुरबाडला एका कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरी करते. एसटीने धक्के खात सापगावला यायचं, पर्स खुंटीला लावायची, तोंडावर पाणी मारायचं आणि वडिलांसमोर स्टूल ओढायचं. "कॅट?" बराच वेळ ओठ हलायचे, मग "बॅट." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "त्या कुत्र्यामांजरांचं र्‍हाऊ दे गो, भात खातील का भाकर ते इचार आधी." भाऊ पुण्याहून व्हिडिओ कॉल करायचा आणि यासाठी एक चांगलं ॲप आहे म्हणायचा. त्याला ॲप सुचतं, कारण त्याला स्टूल ओढावं लागत नाही. एकदा मी ते तोंडावर बोलले. मग तो आठवडाभर फोन करायचा बंद झाला, आणि खरं सांगायचं तर तेही बरंच वाटलं.

शब्द येत गेले. रेन म्हटलं की ट्रेन यायची, बुक म्हटलं की कुक. एकदा मी मुद्दाम 'फूड' म्हटलं आणि त्यांनी अडखळत का होईना, "ब्लूड" म्हटलं. मी "शाब्बास" म्हणाले. पण पाणी हवं असलं की ते अजून तांब्याकडे बोटच दाखवायचे. दिवाळी गेली, शेतातली कापणी झाली, घराघरातून नव्या तांदळाचा वास यायला लागला, आणि आम्ही आपले कॅट-बॅट. मला त्याचा कंटाळा आला होता. शब्दांचा आला होता, स्टुलाचा आला होता, आणि काही संध्याकाळी वडिलांचाही यायचा. बसमध्ये खिडकीशी बसून मी मनात म्हणायची, आज बस बंद पडू दे, तेवढीच सुटका.

आणि एकदा ती खरोखरच बंद पडली. उतरत्या उन्हात रस्त्याच्या कडेला उभं राहून आम्ही मागच्या गाडीची वाट पाहिली. ती आली तीच भरलेली. घरापर्यंत उभ्याने आले. सुटका कसली, तेवढाच उशीर. घरात शिरले ती पर्स काढायचंही भान नव्हतं, तशीच स्टुलावर टेकले. उरकून टाकावं म्हणून सोप्यातला सोपा शब्द घेतला.

"नो?"

वडील माझ्याकडे बघत राहिले.

"नो, बाबा. नो, सो...?"

"गो," ते म्हणाले.

"बरोबर. पुढचा. शो?"

"गो."

"ते झालं ना. दुसरा सांगा. शो, रो...?"

त्यांनी मान हलवली. डावा हात उचलला, तो हवेत थोडा चाचपडला आणि माझ्या खांद्यावर आला. पर्सचा पट्टा त्यांच्या बोटात सापडला. तो ते खाली ओढू लागले. मला वाटलं त्यांना पर्समधलं काही हवंय.

"गो," ते पुन्हा म्हणाले. मग ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. "दमली... गो."

आई दारात परात घेऊन उभी होती. तिने परात खाली ठेवली, आवाजसुद्धा न करता.

मी काही ठरवून बोलले नाही. दिवसभर शुद्ध बोलून दमलेल्या तोंडातून जे यायचं तेच आलं. "नाय बाबा. नाय दमले."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. ती आठी मी ओळखली. जेवता जेवता घास हातात थांबायचा तेव्हाची ती आठी. पट्टा न सोडता, एकेक अक्षर जिभेवर ठेवून बघत ते म्हणाले, "ना... ही."

"आला गो बाई, मास्तर परत आला तुझा," आई म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला.

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही आवरेनात. पर्स त्यांनी खाली ओढली होती, ती मी मांडीवर घेतली. मग त्यांनी सांगितलं होतं तसं, नीट, शुद्ध म्हणून दाखवलं.

"नाही बाबा."

आणि थोड्या वेळाने जे खरं होतं तेही सांगून टाकलं.

"दमले."