धुलाईखोलीतला खलनायक

आमच्या इमारतीत इंगेगार्डची कपडे धुण्याची वेळ सोमवारी सकाळी सात ते दहा. तळघरातल्या वेळांच्या फळ्यावर ज्या वेळेच्या भोकात ज्याचं कुलूप, ती वेळ त्याची; तिचं बारा नंबरचं छोटं कुलूप एकोणीस वर्षं त्याच भोकात अडकवलेलं आहे. स्वीडनमधल्या आमच्या ग्याव्ले शहरात माणूस एक वेळ नवरा बदलेल, पण धुलाईखोलीतली वेळ बदलणार नाही.

इंगेगार्डने एकतीस वर्षं टपाल वाटलं. बर्फातही सायकलवरून. बाई फटकळ, नाकावर माशी बसू देत नाही. तिचा नवरा रुने गेला, त्यानंतर चौदा महिने आम्ही शेजारी तिच्याशी काय बोललो? 'हेय' म्हणायचं आणि दार लावायचं. जिन्यात पावलं वाजली की ती जाईपर्यंत दाराआड थांबणारी माणसं आम्ही. त्यात मीही आले, आणि सांगताना मला लाज वाटते.

मग टीव्हीवर 'दलदलीची घंटा' सुरू झाली. दर रविवारी दलदलीतून घंटा ऐकू यायची आणि गावातलं एक माणूस नाहीसं व्हायचं. हे काम रानबाईचंच, म्हणजे जुन्या गोष्टींतल्या, माणसांना भुलवून रानात नेणाऱ्या बाईचं, असं सगळ्या देशाने ठरवून टाकलं. केस गुडघ्यापर्यंत, पाठ झाडाच्या ढोलीसारखी पोकळ, आणखी काय पुरावा हवा? तिसऱ्या सोमवारी इंगेगार्डने धुलाईखोलीच्या सूचनाफलकावर चिठ्ठी टाचली: 'रानबाई नव्हे, त्या गावचा शाळामास्तर. टपालवाला घरोघर जातो, पण मास्तराच्या दारी थांबत नाही. ज्याला कुणाचंच पत्र येत नाही, त्याच्यावर नजर ठेवा.'

खाली होदानने लिहिलं, 'मला बिलांशिवाय काही येत नाही. म्हणजे मीही भूत?' होदान तिसऱ्या मजल्यावर राहते, बस चालवते.

'बिल येतं तो जिवंत,' इंगेगार्डने उत्तर टाचलं.

महिनाभरात फलक भरून गेला. लोक टोपलीत एक टॉवेल टाकून खाली यायचे आणि अर्धा तास वाचत उभे राहायचे. इंगेगार्डला जिन्यात अडवून विचारायचे, की मास्तर खोटं बोलतोय हे तुला कळलं कसं. मी तिला घरी कॉफीला बोलावलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

स्टुरेला हे खपलं नाही. स्टुरे आमच्या गृहसंस्थेचा अध्यक्ष. ड्रायरची जाळी कोण साफ करत नाही, यावर त्याची हयात गेली. त्याने फलक रिकामा करून छापील कागद लावला: 'येथे फक्त धुण्यासंबंधी सूचना.'

"तू बघतोस का रे ती मालिका?" मी विचारलं.

"असली थेरं बघायला मला वेळ नाही," स्टुरे म्हणाला.

पुढच्या सोमवारी फलकावर धुण्यासंबंधीच सूचना होती. 'मशीन दोनमध्ये कुणाचा तरी काळा कोट राहिला आहे. मास्तराचा तर नव्हे? बाही कोपरापर्यंत ओली, आणि पाचव्या भागात तो म्हणतो, मी दलदलीकडे फिरकलोच नाही. चिखलाचे डाग थंड पाण्यात भिजवावेत.'

त्याखाली होदान: 'जाळीत लांब केस सापडले. गुडघ्यापर्यंत येतील असे. रानबाईने जाळी साफ करावी.'

स्टुरेने इंगेगार्डला लेखी कळवलं: आणखी एक चिठ्ठी लागली, तर कुलूप काढलं जाईल आणि सोमवारची वेळ जाईल.

"मिटव ना हे," मी तिला म्हटलं. "इंटरनेटवर लिही. तिथे लाखो लोक याच गप्पा मारतात."

"त्या लाखांतला एक तरी मला जिन्यात भेटतो का?" ती म्हणाली. "चौदा महिने मूग गिळून बसले मी. दार उघडायचं, बंद करायचं. आता नाही बसणार."

सोमवारी सातला तिने चिठ्ठी टाचली. स्टुरे आलाच. होदान आणि मी रिकाम्या टोपल्या घेऊन आधीच उभ्या होतो. त्याने चिठ्ठी वाचली, मग किल्ली लावून बारा नंबरचं कुलूप फळ्यावरून काढलं.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "आणि वर तुझं चुकीचंही आहे. मास्तराला पत्र आलं होतं. तिसऱ्या भागात, निळं पाकीट."

होदानने टोपली खाली ठेवली. स्टुरेचे कान हळूहळू लाल होत गेले.

इंगेगार्ड हसली नाही. "त्या पाकिटावर तिकीट नव्हतं, स्टुरे," ती म्हणाली. "शिक्का नव्हता. एकतीस वर्षं पाकिटं हाताळली आहेत मी. ते त्याने स्वतःच टेबलावर ठेवलं होतं, कुणीतरी आपल्याला लिहितं असं दिसावं म्हणून. रुने गेल्यावर मीही एकदा तेच केलंय. स्वतःला कार्ड टाकलं. तेव्हा मला कळतं."

मशीन रिकामंच होतं, तरी मी त्याचं दार उघडून बंद केलं.

तिने हात पुढे केला. "कुलूप."

स्टुरेने ते तिच्या तळहातावर ठेवलं. तिने आपल्या भोकात अडकवलं, किल्ली फिरवली आणि चादरी मशीनमध्ये भरायला घेतल्या.

शेवटच्या रविवारी दलदल आटली आणि खलनायक सापडला: रानबाई. मास्तर बिचारा हळवा निघाला. इंगेगार्ड साफ तोंडघशी पडली. सोमवारी आठच्या आत निम्मी इमारत तळघरात उतरली, तिची माफी वाचायला. मीही गेले. फलकावर तिचं टपालखात्यातलं मोठं अक्षर होतं:

'मशीन दोन. काल कुणीतरी एका बाईचे कपडे न बघताच मळके ठरवले. मी चुकलेले नाही, मालिका चुकली आहे. मी ते पुन्हा धुणार. सोमवार, सात ते दहा. वेळ माझी आहे.'

खाली बारीक, नीटनेटक्या अक्षरात: 'तिसरा भाग पुन्हा पाहिला. तिकीट नव्हतं. जाळी साफ करावी. अध्यक्ष.'