शेजारची सीट

गाड्या रंगवणाऱ्या त्या माणसाला सगळे घासूकाका म्हणत. जुना रंग पत्र्यापर्यंत घासल्याशिवाय नवा हात मारायचा नाही, हा त्यांचा हट्ट. गिऱ्हाईक घाई करू लागलं की विचारायचे, "आंघोळ न करता नवा सदरा घालता का हो?" गिऱ्हाईक मुकाट्याने चार दिवस थांबायचं.

त्यांची मान खाली जायची ती एकाच गाडीपुढे, आणि ती नेमकी सख्ख्या थोरल्या भावाची. दादा तरुणपणी चार वर्षं सैन्यात ड्रायव्हर होता. परत आला, लग्न केलं आणि कुठूनशी ती जुनी निळी पिकअप घेऊन आला. "दूधवाल्याची होती," एवढंच बोलला. दर पाच-सहा वर्षांनी रंगवायला आणायचा आणि बजावायचा, "घासायचं नाही. वरच्यावर मार." निळ्यावर निळा थापून थापून गाडी सुजल्यासारखी दिसे. पण थोरल्यापुढे बोलणार कोण?

तेही एक वेळ चाललं असतं. वहिनीच्या बाबतीत मात्र घासूकाकांनी त्याला कधी माफ केलं नाही. दादा आपल्या शेजारच्या सीटवर कुणालाच बसू देत नसे, बायकोलाही नाही. चौतीस वर्षं ती माउली मागच्या हौद्यात, कड धरून, पोत्यांवर बसून फिरली; पोटुशी असतानासुद्धा. लोक दात काढत. ती म्हणायची, "मला वारा आवडतो." ती गेली त्या दिवसापासून घासूकाकांनी दादाशी बोलणं टाकलं.

आता दादाचे पाय गेले होते आणि गाडी दारात नुसती उभी होती. पुतणीला ती डोळ्यांसमोर नको होती, पण भंगाराचं नाव काढलं की दादा जेवण सोडायचा. अशात संग्रहालयाचे एक साहेब आले. या बनावटीच्या काही गाड्या सैन्यात होत्या, ही त्यातली असल्याचा पुरावा मिळाला तर आम्ही सांभाळू, म्हणाले. पुतणीने गाडी काकांच्या शेडमध्ये लावली. "काका, घासा. बाबांचं ऐकू नका."

दादा शेडच्या दाराशी खुर्चीत बसला होता. या वेळी त्याने अडवलं नाही.

निळा गेला, खालचा निळा गेला, त्याखालचाही गेला, आणि हिरवा निघाला. ड्रायव्हरच्या दारावर पुसट पांढरे आकडे उमटले. साहेबांनी येऊन ते सैन्याच्या गाड्यांच्या यादीशी ताडून पाहिले. "सैन्याचीच. शंकाच नको."

पुतणीने सुटकेचा निःश्वास टाकला. काका दुसऱ्या दाराकडे वळले. कमरेच्या उंचीवर हात अडखळला. लांबीचा लगदा भरून बुजवलेली बोटाएवढी तीन भोकं. पत्रा बाहेरून आत वळलेला. गोळ्यांची भोकं होती ती.

"दादा, इथे कोण बसलं होतं?" सहा वर्षांनी ते भावाशी बोलत होते.

"जोडीदार माझा," दादा म्हणाला. "तो विचारत होता, पोहोचलो का. मी म्हणत होतो, आलंच. मग विचारायचा थांबला. पुढे गाडी लिलावात निघाली. भंगारात जाऊ देववेना, आणि हिरवी बघवेना."

"आणि आई?" पुतणी पुढे झाली. "तिला सांगितलं होतंत?"

"तिने एकदाच विचारलं होतं. मी म्हटलं, सीट मोडकी आहे."

घासूकाकांना भावाची कीव आली आणि रागही गेला नाही. साहेब चाचरत म्हणाले, "हे लिहून घेऊ का?"

"घ्या," पुतणी म्हणाली. "पण मागे चौतीस वर्षं माझी आई बसली होती, तेही लिहा."

"त्याला काही पुरावा..."

काकांनी साहेबांचा हात धरून त्यांना मागे नेलं. हौद्याच्या कडेवर वीतभर जागेत रंग पार उडाला होता, पत्रा गुळगुळीत चकाकत होता.

"दर खेपेला इथे मी दोन हात जास्त मारायचो, तरी टिकायचा नाही," ते म्हणाले. "ही जागा मी घासलेली नाही, साहेब. ही तिच्या हाताने घासली गेलीय."

साहेबांनी वाकून पाहिलं. दादाला मात्र तिकडे बघवलं नाही.