माधवचा खर्ज

सुभाष कारखानीसचे आजोबा धार संस्थानात खरोखरीचे कारखानीस होते. संस्थान गेलं, हुद्दा गेला, आडनाव तेवढं उरलं. आणि नातू देवासला येऊन कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायला लागला. आडनाव शेवटी कामाला आलं, अशी त्याची चेष्टा व्हायची आणि सुभाषही हसायचा. कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेण्यात त्याचा हातखंडा होता. अपवाद एकच, त्याचा थोरला भाऊ माधव.

माधव बेस गिटार वाजवायचा. साठच्या दशकात धारमध्ये हे वाद्य कोणाला ठाऊक असणार! चार जाड तारा आणि त्यांतून गाणं नाहीच, नुसता खालचा सूर. वडील म्हणायचे, "गाणारा गातो, पेटीवाला वाजवतो आणि आमचे चिरंजीव मागे उभे राहून दळण दळतात." माधवने ती गिटार महूच्या छावणीतल्या एका बँडवाल्याकडून जुनी घेतली होती. इंदूरच्या ऑर्केस्ट्रात तो वाजवायला जायचा आणि सुभाष त्याचं सामान वाहत मागे. अडुसष्ट साली माधवला कावीळ झाली आणि बघता बघता तो गेला. लग्नाची नवलाईसुद्धा अजून ओसरली नव्हती.

मागे राहिली त्याची बायको वासंती, ती गिटार, एक स्पूलचा टेपरेकॉर्डर आणि माधवने घरी बसून भरलेली एकच टेप. दुसरं लग्न कर म्हणून माहेरच्यांनी वासंतीच्या कानीकपाळी ओरडून पाहिलं. ती बधली नाही, धारलाच मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. टेपरेकॉर्डर सांभाळणं तिच्याच्याने होईना, म्हणून टेप आणि गिटारीसकट तो देवासला दिराकडे आला. दर दिवाळीच्या सुट्टीत ती बसने यायची, चिरोट्यांचा डबा जावेच्या हाती द्यायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हळूच म्हणायची, "भावजी, लावता का?" वर्षातून एकदाच. जास्त ऐकली तर टेप झिजेल, अशी तिला धास्ती होती.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती टेप गेली. चोरी नाही, आग नाही, एका शब्दापायी गेली.

सुभाषची मुलगी अलका हिंदी शाळेत शिकलेली. तिचं मराठी घरापुरतं, तेही अर्धं हिंदीत बुडवलेलं. कॉलेजातल्या समूहगीताची तालीम तिला भरून घ्यायची होती आणि कॅसेटचा रेकॉर्डर नेमका बिघडलेला. कपाटात काकांची टेप होती, तशा सुभाषने रेडिओवरून भरलेल्या गाण्यांच्याही चारदोन होत्या. खोके सगळे सारखे, वरची अक्षरं उडालेली. त्या दुपारी घरात मोठं माणूस म्हणजे एकटी सुभाषची आत्या, अक्का. जन्म धारच्या जुन्या घरात गेलेला, बोलणंही तिथलंच. अलकाने विचारलं, "अक्का, यातली एक घेऊ?"

"घे की," अक्का म्हणाली, "पण पुसून घे."

अक्काच्या तोंडी पुसणं म्हणजे विचारणं. बाबांना विचार आणि मग घे, एवढंच ती सांगत होती. अलकाला पुसणं म्हणजे पुसून टाकणं, दुसरं काही ठाऊकच नव्हतं. गुणी पोर! माइक न जोडता तिने टेप लावली, भरायचा खटका दाबला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ पुसून काढली.

संध्याकाळी सुभाषने खोका ओळखला. टेप लावली तर नुसती खरखर.

"अक्काने ही तो बोला था, पुसून घे!" अलका रडकुंडीला आली.

"अगं, बाबांस पुसून, म्हणजे विचारून गं बाई!" अक्काने कपाळावर हात मारून घेतला.

दोष द्यायचा तरी कोणाला? म्हातारी बरोबर बोलली होती आणि पोरीने सांगितलं तेच केलं होतं. सुभाष अंगणात खाटेवर जाऊन बसला. भाऊ मेला तेव्हा चारचौघांत रडता आलं होतं. आता एवढा बाप्या माणूस टेपेसाठी काय रडणार! पण माधव दुसऱ्यांदा गेला असंच त्याला वाटलं, आणि या खेपेला आपल्या घरातून गेला.

दिवाळीला वहिनी येणार आणि म्हणणार, भावजी, लावता का. तिला काय सांगायचं? सांगायचंच नाही, असं त्याने ठरवलं. त्या टेपेतला सूर न् सूर त्याला पाठ होता. माधवची गिटार घरातच होती. ती काढायची, तसंच वाजवायचं, टेप पुन्हा भरायची.

बोटं महिन्याभरात वळली. अडलं ते आवाजापाशी. इंदूरहून नव्या तारा आणल्या तर त्या भांडी आपटल्यासारख्या टणटणायला लागल्या. माधवचा आवाज कसा होता? गोल, जाड, जरासा झोपाळलेला. उमटायचा आणि लगेच विरायचा. तारांचा टणटणाट कसा घालवावा? सुभाषने त्यांना खोबरेल चोळलं, राख चोळली, उन्हात टाकल्या. मग आठवलं, माधव बोटांनी नाही, अंगठ्याने छेडायचा, आणि तारांच्या मुळाशी काहीतरी खुपसलेलं असायचं. गादीतला स्पंज लावून पाहिला, आवाज पार गुदमरला. जुन्या लोकरी मफलरचा तुकडा लावला तेव्हा कुठे जरा ओळखीचं वाटलं.

ॲम्प्लिफायर ट्रान्झिस्टरचा, त्यातून सूर कोरडाच यायचा. गिटार जोडून वाजवता येईल असा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ शोधत तो बाजारात उमाशंकरच्या दुकानी गेला. उमाशंकर रेडिओ दुरुस्त करायचा. "भिया, अब तो ट्रांजिस्टर का जमाना है," तो म्हणाला, "ये डब्बा कायको ढूँढ रिये हो?"

"जुना माणूस बसवायचाय त्यात," सुभाष म्हणाला. उमाशंकरला वाटलं, चेष्टा करतोय.

मागच्या खोलीत रेडिओ बसला, त्याच्या तोंडाशी माइक. आवाज घुमू नये म्हणून बायकोकडून, जयवंतीकडून, गोधड्या मागून घेऊन त्याने भिंतींवर टांगल्या. "गिटारीला थंडी वाजते का हो?" तिने विचारलं; पण खिळे तिनेच धरून दिले. पहिल्या पाळीहून आला की सुभाष जेवून त्या खोलीत शिरायचा. अलका दाराबाहेर बसून शेजारच्या पोरांना गप्प करायची. बाप रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आणि दसऱ्याच्या सुमाराला एका दुपारी तो आवाज आला. रेडिओ चांगला तापला होता, तारांवर घामट हात फिरून फिरून त्या मऊ झाल्या होत्या, आणि अंगठा पडला तसा तो गोल, जाड, झोपाळलेला सूर खोलीभर झाला. पलीकडे अक्का जप करत होती. माळ थांबवून ती सवयीने करवादली, "माधव्या, हळू रे!"

सुभाषने गिटार खाली ठेवली आणि हुंदके देऊन रडला. आनंदाने की दुःखाने, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मग डोळे पुसून त्याने टेप भरली.

वहिनी आली. चिरोटे झाले, पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "भावजी, लावता का?" सुभाषने टेप लावली. वहिनी पदर सावरून, डोळे मिटून बसली. माधवचा खर्ज खोलीत घुमला. तिच्या चेहऱ्यावर शंकेची रेघ उमटली नाही. जमलं! सुभाषने सुटकेचा निःश्वास टाकला. शेवटचा सूर विरला तसा तो नेहमीसारखा उठून स्वयंपाकघराकडे निघाला. वाजवणं संपलं की त्याच्या लेखी टेप संपली. आणि वहिनीला थोडं एकटं सोडावं, असंही त्याला दरवर्षी वाटायचं.

चहा घेऊन आला तरी ती तशीच बसलेली. टेपेतून नुसती खरखर येत होती. ती संपली, टेपेचं टोक फटफट करत फिरायला लागलं.

"भावजी, पुढचं कुठे गेलं?"

"पुढचं कोणतं, वहिनी?"

"वाजवून झाल्यावर ते बोलतात ते. मशीन बंद केलंय असं समजून." वहिनी टेपेकडे बघत होती. "'वासंती, दार लावून घे गं, मांजर आत येतंय.' मामंजींसमोर नाव घेऊन हाक मारायची सोय होती का? नेहमी आपलं 'अगं, ऐकलंस का'. त्या दिवशी घरात कोणी नव्हतं. मला त्या गिटारीतलं काही कळत नाही हो. खरं सांगू? ते ढुम्म ढुम्म मला कधी आवडलंही नाही. मी तेवढ्या हाकेसाठी बसायचे."

सुभाषने खाली मान घालून सगळं सांगितलं. दाराशी उभी असलेली अलका रडायला लागली. वहिनीने तिला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग वहिनी म्हणाली, "तुमचा आवाज त्यांच्यासारखा आहे. अक्का नेहमी म्हणतात. एकदा म्हणून दाखवाल, भावजी? मी डोळे मिटते."

तिने डोळे मिटले. सुभाषने घसा खाकरला. तारा, लोकर, रेडिओ, सगळं जमवलेला माणूस. चार शब्द म्हणायचे ते काय! त्याने तोंड उघडलं. पण ज्या थोरल्या भावजयीला उंबऱ्यावर पाऊल ठेवल्या दिवसापासून त्याने कधी नावाने हाक मारली नव्हती, तिचं नाव काही केल्या जिभेवर येईना. त्याने पुन्हा प्रयत्न केला.

"वहिनी, दार लावून घ्या," एवढंच त्याच्या तोंडून निघालं, आणि तिने डोळे उघडले.